हिरडीचा निकाल

शांताराम तांबे यांनी माझी एक बातमी वर्षभर अडवून ठेवली होती. बातमी तयार होती. मथळ्यासह सोळा ओळींची. रत्नागिरीत त्या काळी बातम्या अडवणारे लोक कमी नव्हते. पुढारी अडवत, अधिकारी अडवत, जाहिरातदार अडवत. पण ज्याची वाहवा बातमीत आहे त्यानेच ती अडवावी, असा अनुभव वार्ताहर म्हणून मला एकदाच आला.

तांबे दातांचे मेकॅनिक होते. डॉक्टरने रोग्याच्या तोंडाचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यावरून कवळी, दातावर चढवायची टोपी किंवा दोन दातांमधला पूल मेकॅनिकने तयार करायचा, अशी या धंद्यात कामाची वाटणी असते. रोग्याला डॉक्टर दिसतो. मेकॅनिक दिसत नाही. डॉ. केळुसकरांचा दवाखाना राम आळीजवळच्या एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर होता आणि आमच्या दैनिकाचे कार्यालय वरच्या मजल्यावर. तांबे दवाखान्याच्या मागच्या पडवीत बसत. माझे टेबल मागच्या खिडकीशी होते. खाली पाहिले की त्यांचे विरळ केसांचे डोके आणि त्याखाली चाललेले दोन मोठे हात दिसत. ऐंशीच्या दशकातली माझी बरीचशी वर्षे हे दृश्य पाहण्यात गेली.

अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, त्यावर गुलाबी मेणाचे ठिपके. खिशाला पेन नसे. खिशात दोन वस्तू असत: दाढीच्या सामानात असतो तसा एक गोल आरसा आणि एक काडेपेटी. ते विडी ओढत नसत. काडेपेटीत सावरीचा कापूस असे, उशांत भरतात तो. त्यांच्या गावच्या झाडाचा. साध्या कापसापेक्षा त्याचा तंतू बारीक आणि गुळगुळीत असतो. धातूची टोपी ओतून, घासून, चकचकीत झाली की तांबे तिच्या काठावरून तो तंतू हलकेच ओढत. तंतू न अडकता निघाला तर काम पूर्ण. एक केस जरी काठाला राहिला तर पुन्हा घासणी.

आत डॉक्टर रोग्याला खुर्चीत बसवून खोळंबलेले असत.

"तांबे, झालं का?"

"कापूस नाय म्हणतो, डॉक्टर."

"कापसाला सांगा, लांज्याची गाडी सुटेल पेशंटची."

"गाडी दुसरी मिळंल. हिरडी दुसरी मिळायची नाय."

असे संवाद आठवड्यातून दोन-तीनदा वर ऐकू येत. रोगी त्या गाडीने गेला असे क्वचित घडे.

त्यांचे गाव लांजा तालुक्यात, हमरस्त्यापासून बरेच आत. "बौद्धवाडीतला पैला मॅट्रिक नापास मी," असे ते स्वतःची ओळख करून देताना सांगत. समोरचा हसला की पुढे म्हणत, "माझ्या आधी मॅट्रिकला कोण बसलाच नव्हता." मुंबईत गिरणीत असलेल्या चुलत्याकडे गेले, एका दातांच्या रुग्णालयात झाडूवाला म्हणून लागले आणि तिथल्या कार्यशाळेत सांडलेले प्लास्टर झाडता झाडता काम शिकले. शिकवले कोणी, असे विचारले तर सांगत, "वाकडे ओतलेले दात उकिरड्यावर टाकायला मीच न्यायचो. ते का टाकले, ता बघत बघत शिकलो." यापेक्षा अधिक चरित्र त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही.

दातांचे काम करणाऱ्या या माणसाचे लक्ष दातांवर नसे. ते हिरडीवर असे. "दाताचा काय, ता दगड," ते म्हणत. "हिरडी जिवंत हाय. दगड जिवंत माणसाच्या कुशीत निजवायचा, तर त्या माणसाला विचारायला नको?" विचारणे हा त्यांचा आवडता शब्द होता. डॉक्टरांनी एखादी नवी पद्धत वाचून काढली, कोणी नवे सामान आणले, की पडवीतून प्रश्न येई, "हिरडीला विचारला काय?"

माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत, हिरड्या राहत. आमच्या अंकात एका पुढाऱ्याचे हसरे छायाचित्र पहिल्या पानावर छापले होते. तांबे अंक घेऊन वर आले, छायाचित्रावर नख टेकवले आणि म्हणाले, "ह्यांची खालची हिरडी सुटत आली हाय. फुडचे दोन जाणार." आम्ही हसण्यावारी नेले. पुढच्या निवडणुकीला त्या पुढाऱ्याचे नवे छायाचित्र आले तेव्हा त्यांनी तोंड मिटलेले होते.

आता त्यांच्या विचारण्याच्या रीतीबद्दल. तांब्यांचा वरचा डावीकडचा एक दात तरुणपणीच पडला होता. त्या जागी त्यांनी काढता-घालता येणारी छोटी पट्टी करून घेतली होती. ही रिकामी जागा म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. मुंबईचा विक्रेता नवी पावडर किंवा नवा धातू घेऊन आला की तांबे आधी त्याचा दात स्वतःसाठी करत, पट्टीवर बसवत आणि तोंडात घालून हिंडत. जेवताना तो, झोपताना तो. रोज सकाळी पडवीच्या पायरीवर उन्हाकडे तोंड करून आरशात हिरडी पाहत. लाल झाली का, सुजली का, दाबली तर रक्त येते का. महिना, दीड महिना हे चाले. मग निकाल.

त्यामुळे त्यांच्या हसण्यात कधी पिवळसर दात दिसे, कधी निळसर पांढरा, कधी सरळ धातूचा. कोपऱ्यावरचा चहावाला बाबल्या कप पुढे करताना विचारी, "मास्तर, आज खयचो दात?" बाबल्या मूळचा मालवणकडचा होता. तांबे ओठ वर उचलून दाखवत आणि चहा घेत.

एकदा एक विक्रेता गुलाबी पावडर घेऊन आला. ही पावडर शिजवावी लागत नाही, हवेतच घट्ट होते, अर्ध्या तासात कवळी तयार, असे त्याचे म्हणणे होते. डॉक्टरांना ते पटण्यासारखे वाटले. तांब्यांनी पुडी ठेवून घेतली. तीन आठवड्यांनी विक्रेता ऑर्डर घ्यायला आला. तांब्यांनी त्याला पायरीवर उन्हात नेले, पट्टी काढली आणि तोंड उघडले. पट्टीखालची हिरडी आणि टाळूचा भाग पट्टीच्या नेमक्या आकारात लाल झाला होता.

"आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात असं काही नाही," विक्रेता म्हणाला.

"माहितीपत्रक कोणाच्या तोंडात ठेवला होतात?" तांब्यांनी शांतपणे विचारले. मग पट्टी पाण्यात टाकत म्हणाले, "साहेब, कच्चा भात हाय ह्यो. अर्ध्या तासात होतो, पण पचत नाय. आमी आपला शिजवूनच घालू."

हा माणूस भांडत नसे, हे इथे नोंदवले पाहिजे. आवाज चढलेला मी ऐकला नाही. एका गृहस्थांना आपली कवळी तांब्यांनी केली हे कळले. कोणत्या वाडीतल्या तांब्यांनी, हेही कळले. ते डॉक्टरांकडे येऊन खालच्या आवाजात विचारू लागले, की कवळी नीट धुऊन वगैरे घेतली होती ना. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार एवढ्यात तांबे पडवीच्या दारात आले.

"धुतली हाय, काका," ते म्हणाले. "पण धुण्यावर काय नाय. ज्या पावडरीची ती हाय, तिचा दात आधी महिनाभर माझ्या तोंडात होता. मी पास केला, तेव्हा तुमच्या तोंडाच्या लायक ठरला."

गृहस्थ कवळी घालूनच गेले. त्यांच्याकडे दुसरी कवळी नव्हती.

तांब्यांना आपल्या या परीक्षेचा अभिमान होता. तो वाजवी होता, पण त्यात एक खोट होती. ती त्यांनाच सापडली, आणि कशी सापडली ते ते पुढे प्रत्येकाला सांगत.

सोन्याऐवजी टोप्यांसाठी एक नवा पांढरा धातू येऊ लागला होता. त्यात निकेल असे. कडक, चकाकणारा, न झिजणारा. तांब्यांनी आंब्याचा अख्खा मोसम तो तोंडात वागवला. हिरडी जशीच्या तशी. "पास," त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी तो वापरायला सुरुवात केली आणि बऱ्याच लोकांना तो मानवला. मग भाट्याच्या शिंदेबाई आल्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या आतबाहेर. त्यांच्या दाढेवर टोपी बसवून दीड महिना झाला होता आणि टोपीभोवतीची हिरडी अर्धवट पिकलेल्या करवंदासारखी लालजांभळी झाली होती. इतर सगळी हिरडी निरोगी.

"बाई, मिश्री लावता का?" डॉक्टरांनी विचारले. आमच्याकडे भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीने हिरड्या जाळून घेणाऱ्या बायका पुष्कळ. प्रश्न सवयीचा होता.

"मी शाळेत पोरांचे दात तपासते, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "मला विचारता?"

डॉक्टरांनी तांब्यांना हाक मारली. तांब्यांनी पाहिले. टोपी बरोबर बसली होती. काठावरून कापूस फिरवला, अडकला नाही. काम निर्दोष होते. मग त्यांची नजर बाईंच्या कानाकडे गेली. कानाच्या भोकात दागिन्याऐवजी कडुनिंबाची काडी होती.

"कानात काडी कशाला वो, बाई?"

"खोटं कानातलं घातलं की माझा कान चिघळतो. सोनं रोज कुठून घालणार? घड्याळाचा पट्टासुद्धा कापडाचा लावलाय. त्या पांढऱ्या पट्ट्यानं मनगटाला पुरळ येतं."

तांबे डॉक्टरांकडे वळले. "टोपी काढा, डॉक्टर. चूक माझी."

"तुमच्या तोंडात तर अख्खा मोसम चालली ना?"

"तीच चूक," तांबे म्हणाले. "माझा तोंड म्हणजे सगळ्या जिल्ह्याचा तोंड नव्हे."

खोट्या दागिन्यांत, घड्याळाच्या पट्ट्यात आणि त्या टोपीत एकच धातू होता आणि बाईंच्या अंगाला तो चालत नव्हता. डॉक्टरांना हे पुस्तकातून माहीत होते, पण कानातली काडी पाहिली तांब्यांनी. बाईंनी आपल्या आईची मोडकी नथ आणून दिली. त्या सोन्याची टोपी तांब्यांनी ओतली. त्यानंतर दोन रविवार ते स्वतः भाट्याला गेले, बाईंना अंगणात उन्हात उभे केले आणि हिरडी पाहून परत आले. चहासुद्धा घेतला नाही, असे बाई सांगत. तिसऱ्या रविवारी घेतला. हिरडी गुलाबी झाली होती.

पुढे पडवीच्या भिंतीवर एक पुठ्ठा लागला. त्यावर तांब्यांच्या मोठ्या अक्षरात लिहिले होते: खोटे दागिने चालतात काय? प्रत्येक रोग्याला हा प्रश्न विचारल्याशिवाय ते धातूला हात लावत नसत. कचेरीतला एक कारकून चिडून म्हणाला, "मी पुरुष माणूस, मला काय दागिने विचारता?" तांबे म्हणाले, "मग घड्याळ काढून मनगट दाखवा."

आता त्या बातमीकडे येतो.

राजिवड्याचे इब्राहिम सोलकर हे परदेशी मालवाहू जहाजांवर सारंग होते. म्हणजे खलाशांचे प्रमुख. रजेवर घरी आले असताना ते डॉ. केळुसकरांकडे आले. खालच्या जबड्यात त्यांना एक दात बसवलेला होता, पण तो नेहमीसारखा नव्हता. परदेशातल्या एका बंदरात तिथल्या दंतवैद्याने हाडात टायटॅनियम या धातूचा स्क्रू घालून, काही महिन्यांनी त्याच्या वर आलेल्या खुंटीवर टोपी चढवली होती. दोन वर्षे काही तक्रार नव्हती. मग टोपी फुटली. मुंबईत एका ठिकाणी नवी टोपी बसवून घेतली, आणि तेव्हापासून हिरडी सुजू लागली, रक्त आणि पू येऊ लागला. त्याच ठिकाणी त्यांना सांगण्यात आले, की जबड्याने स्क्रू नाकारला आहे, काढून टाकावा लागेल.

सारंगांना सव्वा महिन्याने जहाजावर रुजू व्हायचे होते. त्याआधी कंपनीच्या डॉक्टरची तपासणी होती. पू वाहणारा जबडा घेऊन कोणी त्यांना बोटीवर चढू देणार नव्हते, आणि स्क्रू उपटला तर हाडातली जखम इतक्यात भरणार नव्हती. बोट गेली की दुसरी कधी मिळेल ते सांगता येत नव्हते.

डॉक्टरांनी असा स्क्रू त्याआधी पाहिलेला नव्हता. तसे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. "काढायला सांगितलंय, तर काढूनच टाकू," ते म्हणाले.

पडवीतून आवाज आला, "हलतो काय बघा आधी."

डॉक्टरांनी हत्याराच्या मागच्या टोकाने टोपीवर टिचकी मारली. तांबे कान लावून उभे होते, बाजारात नारळ वाजवून घेतात तसे.

"पुन्हा मारा." डॉक्टरांनी मारली. "घट्ट हाय. हाडाने त्याला धरला हाय, डॉक्टर. हाडाने ठेवला, मग हिरडी कशावर रागावली? फोटो काढा."

क्ष-किरणांचा फोटो आला. स्क्रूभोवतीचे हाड शाबूत दिसत होते. मग डॉक्टरांनी मुंबईची टोपी काढली. तिच्या आतून आणि खालून, हिरडीच्या खाली गेलेल्या भागात, बसवताना बाहेर आलेले सिमेंट तसेच राहून घट्ट झाले होते. काठ खडबडीत होता. तांब्यांनी कापूस फिरवला. अख्खा बोळा चिकटून बसला. त्यांनी टोपी सारंगांच्या हातावर ठेवली.

सारंगांनी ती उलटीपालटी केली. "तांबेभाय, हिच्यावर तर खडकावरच्या शिंपल्यांसारखी कालवं धरलीत."

"ह्या कालवांवर मळ बसणार, मळावर हिरडी सुजणार," तांबे म्हणाले. "बिचाऱ्या स्क्रूला फाशी कशाला?"

डॉक्टरांनी हिरडीखालचे सिमेंट खरवडून काढले. आठवड्यात पू थांबला. पण प्रश्न संपला नव्हता. उघडी खुंटी तशीच ठेवता येत नव्हती. नवी टोपी हवी होती, आणि ती कोणत्या धातूची करायची हे कोणालाच माहीत नव्हते. मुंबईची टोपी त्या निकेलच्याच धातूची होती. ती पुन्हा घालावी का?

या ठिकाणी सारंगांनी एक गोष्ट सांगितली. ते पडवीत प्लास्टरच्या पिंपावर बसले होते. "आमच्या बोटीला पाण्याखाली पितळी पंखा असतो आणि बूड लोखंडाचं. खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की एक दुसऱ्याला खातो. म्हणून आम्ही बुडाला जस्ताचे ठोकळे लावतो. खायचं तर ते खा, बुडाला हात लावू नको."

तांब्यांचे हात थांबले. "लाळ पण खारीच की वो," ते म्हणाले.

"मग तुझ्या टोपीखाली कोण कोणाला खातो, ते बघ बाबा."

त्या दिवशी तांब्यांनी दुसरे काम केले नाही. वर आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. "माझ्या तोंडात स्क्रू नाय," ते म्हणाले. "ह्या वेळी हिरडीला विचारता येत नाय." एवढे हवालदिल मी त्यांना त्याआधी किंवा नंतर पाहिले नाही. एका माणसाची बोट त्यांच्या शब्दावर थांबली होती, आणि आयुष्यभर ज्या परीक्षेवर ते विसंबले ती इथे उपयोगाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना आपला निर्णय सांगितला. टोपी सोन्याची, कारण सोने कोणाला खात नाही आणि कोणाकडून खाल्ले जात नाही. आणि तिचा काठ हिरडीच्या खाली न्यायचा नाही. हिरडीच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून थांबायचे. सोन्याचा आणि हिरडीचा संबंधच येऊ द्यायचा नाही. हिरडीला स्क्रूचा धातू आधीच मान्य आहे, तिच्याजवळ तोच राहू दे.

"बरं दिसणार नाही ते," डॉक्टर म्हणाले. "खाली खुंटी उघडी दिसेल."

"सारंगाला शिनेमात नाय जायचा. बोटीवर जायचा हाय."

सारंग हसले. "दिसू दे, डॉक्टर. दर्याला कुठं दात दाखवायचेत?"

पहिली टोपी कापसात नापास झाली. तांब्यांनी ती वितळवली. दुसरी बसली. खुंटीभोवती, टोपीच्या खालून रोज लोकरीचा धागा ओवून फिरवायचा, हे त्यांनी सारंगांना समोर बसवून शिकवले; पहिल्या दिवशी दहा वेळा करून घेतले. लोकर सारंगांच्या बेगमने दिली, हिरव्या रंगाची. "जेवलास की धागा. नमाज चुकंल पण धागा चुकायचा नाय," तांबे म्हणाले. सारंग म्हणाले, "तोबा! दोन्ही नाही चुकणार."

तपासणीच्या आदल्या आठवड्यात हिरडी गुलाबी आणि घट्ट होती. दाबली तरी रक्त येत नव्हते. सारंग पास झाले आणि बोटीवर गेले.

मी बातमी लिहिली. रत्नागिरीच्या मेकॅनिकने परदेशी स्क्रू वाचवला, अशा आशयाची. छापण्याआधी तांब्यांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "छापू नका."

"का?"

"निकाल यायचा हाय. मोसमभर चाललेली टोपी बाईंच्या तोंडात फसली ना? ह्याला वर्ष जाऊ दे."

संपादकांनी सांगितले, की वर्षाने बातमी शिळी होईल. मी तो निरोप खाली नेला. तांब्यांनी घासणीवरून मान वर केली नाही. "शिळी झाली तर फेका," ते म्हणाले. "खोटी झाली तर काय करणार?"

माझ्या व्यवसायात हे वाक्य मला कोणी वरिष्ठाने शिकवलेले नाही. ते पडवीतून आले. बातमी मी खणात ठेवली.

मधल्या काळात सारंगांचे एक पत्र आले. ज्या बंदरात स्क्रू घातला होता तिथे बोट लागली तेव्हा ते मुद्दाम त्या दंतवैद्याकडे जाऊन आले होते. त्याने भिंग लावून पाहिले आणि हे काम कोणाचे असे विचारले. सारंगांनी लिहिले होते: 'मी त्यांना सांगितले, आमच्या रत्नागिरीचे डॉक्टर तांबे. त्यांनी नाव वहीत लिहून घेतले.'

केळुसकरांनी पत्र मोठ्याने वाचले आणि खुर्चीवरून उठून तांब्यांना खुर्ची दिली. "बसा, डॉक्टर."

तांबे बसले नाहीत. मला म्हणाले, "उत्तर लिवून द्या. मेकॅनिक, असा कळवा म्हणावा. वहीत दुरुस्ती करायला सांगा." थोड्या वेळाने पुन्हा वर आले. "आणि धागा फिरवतो काय, ता विचारा." पत्र त्यांनी मागून घेतल्याचे मी पाहिले नाही, पण पुठ्ठ्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला, ते खोचलेले मी पुढे अनेकदा पाहिले.

वर्ष पुरे व्हायच्या सुमारास मला पुण्याला दुसरी नोकरी मिळाली. आमच्या दैनिकातला माझा शेवटचा दिवस झाला, खण रिकामा केला, सोळा ओळींचा कागद इतर कागदांबरोबर पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसलो होतो. खिडकीतून पाहिले तर समोरच्या फलाटावर तांबे उभे. पांढरा शर्ट, मेणाचे ठिपके. मला निरोप द्यायला आले असतील असे क्षणभर वाटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नव्हते.

मुंबईची गाडी आली. तिच्यातून सारंग उतरले, हातात दोन बॅगा. सारंग राजिवड्याला पोहोचेपर्यंत थांबणे तांब्यांना जमले नव्हते.

सारंगांनी बॅगा खाली ठेवल्या आणि मिठी मारायला हात पसरले. तांब्यांनी त्यांना खांद्याला धरून उन्हाकडे फिरवले. अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढला. हमाल, बायका, पेरूवाली, सगळे थांबून पाहू लागले. तांब्यांनी आरसा काढला, आत ऊन पाडले, बोटाने हिरडी दाबली आणि बोट पाहिले. मग काडेपेटी उघडली. एक तंतू काढून दाताभोवती फिरवला आणि तो दोन बोटांत धरून आभाळाकडे करून पाहिला.

आमचा वाहक घंटी मारत होता. तांब्यांनी तंतूवर फुंकर मारली. तो फलाटावरच्या लोकांच्या डोक्यांवरून वर वर गेला. त्याच्यामागे जाता जाता त्यांची नजर माझ्या खिडकीवर आली. गाडी हलली होती. काही ओरडून सांगण्याइतके अंतर कमी नव्हते. त्यांनी उजवा हात वर केला, तीन बोटे पेन धरल्यासारखी जुळवली आणि हवेत एक ओळ लिहून दाखवली.